सटीचं तिखट भरीत

चांगुणाबाईंना कुत्रं सापडत नव्हतं. मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ त्या उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात चिंचेचा कोळ, दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातला अंगठ्याएवढा चांदीचा टाक. टाकावर घोडा होता, घोड्यावर स्वार होता, स्वाराच्या हातात तलवार होती. पण घोड्याच्या पायांपाशी खंडोबाचं कुत्रं असायला हवं, ते नव्हतं. त्यांनी टाक पाण्यात बुडवला, पदराने पुसला, उन्हाकडे धरला. कुत्रं नव्हतंच. आणि मग लक्षात आलं की घोड्यावर म्हाळसाही नाही. स्वार आपला एकटाच चालला होता.

उद्या सट होती, म्हणजे चंपाषष्ठी. या घरात सटीचे सहा दिवस घट बसत नसत. पण सटीच्या दिवशी देव उजळायचे, तळी उचलायची आणि चार महिने वर्ज्य केलेलं वांगं देवाला दाखवून मगच तोंडात घालायचं, एवढं काटेकोर पाळलं जायचं. देव उजळायचं काम आजवर चांगुणाबाईंचे यजमान बन्सी करत. पहाटे उठून, आंघोळ करून, कुणाला हात लावू न देता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून मागची सट तशीच कोरडी गेली होती, आणि यंदा पहिल्यांदाच टाक चांगुणाबाईंच्या हातात आले होते.

शिवाय यंदा त्यांना दिसत होतं, ही दुसरी भानगड. दिवाळीआधी नगरच्या शिबिरात त्यांचे दोन्ही डोळे करून झाले होते. त्याचं असं झालं, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवत. मोतीबिंदू वाढत गेला तसे पोरांच्या दाताखाली खडे येऊ लागले. हेडमास्तरांनी आधी हसून सांगितलं, मग न हसता सांगितलं. डोळे झाले आणि चांगुणाबाईंचं सगळं घरच बदलून गेलं. आपण रोज सारवतो ती भिंत एवढी पोपडलेली आहे, आपल्या हातांवर एवढ्या सुरकुत्या आहेत, आणि नगरची सून मोनिका व्हिडिओ कॉलवर हसते तेव्हाही तिच्या डोळ्यांखाली काळं असतं, हे त्यांना एकदमच कळलं. त्यातलं काही कळलं नसतं तरी चाललं असतं असं त्यांना वाटे. आता तर देवच ओळखू येईना.

त्यांनी नगरला पोराला फोन लावला. ज्ञानेश्वर एमआयडीसीत कामाला होता, उद्या सकाळी बायकोला घेऊन यायचा होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की आई, झिजलं असेल, इतक्या वर्षांचा टाक आहे, सराफ बाजारातून नवीन करून आणू. चांगुणाबाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा टाक पाहिला. झिजून देवाचं नाक जाईल, तलवारीचं टोक जाईल. अख्खी बायको आणि कुत्रं कसं झिजेल? आणि झिजलं म्हणावं तर घोड्याच्या शेपटीचे केस अजून मोजता येत होते.

दारात वांग्यांची पाटी होती. यंदा भरीत बेताचं करायचं त्यांनी ठरवलं होतं. बन्सींचा दर सटीला एकच घोष असायचा, भरतात मिरची वाढव. स्वतः त्या माणसाला पित्त, साध्या आमटीने छाती धरून बसायचा. पण सटीच्या भरतात हिरव्या मिरचीचा ठेचा असा घालायला लावायचा की शेजारीपाजारी प्रसादाला हात लावताना विचार करत. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, देवाला लागतं. आता सांगायला तो नाही, तेव्हा यंदा देवालाही सुखाने जेवू द्यावं असा चांगुणाबाईंचा विचार होता. पण त्या विचारात आता जीव राहिला नाही. जेवणार कोण, हेच कळेनासं झालं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक होती. थोरल्या घरात, सगळे एकत्र असताना, देव्हाऱ्यात घोड्यावरचे टाक दोन होते. एक खंडोबा, आणि एक वीर. घरातला माणूस अवेळी, बिनलग्नाचा गेला की त्याचा घोड्यावर बसलेला टाक करून देवांत बसवतात, त्याला वीर म्हणायचं. त्यांचा वीर म्हणजे बन्सींचा धाकटा भाऊ, आदिनाथ. चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी सासूबाईंनी देव ताटात घेऊन वाटले होते. चांगुणाबाई तेव्हा शाळेत खिचडीपाशी होत्या. संध्याकाळी बन्सींनी टोपीत गुंडाळून टाक घरी आणले आणि देव्हाऱ्यात मांडले. तेव्हाच डोळ्यांपुढे धूर येऊ लागला होता. पण डोळे चांगले असते तरी त्यांनी पाहिलं असतं का, कोण जाणे. भंडाऱ्याने माखलेला घोडा दिसला, देव आला असं त्यांनी मानलं आणि हात जोडले.

म्हणजे थोरल्या दिरांनी फसवलं, देव स्वतःकडे ठेवला. एवढा एकच अर्थ त्यांना लागला आणि लागताच अंगात बळ आलं. जमीन वाटताना विहिरीकडची बाजू तिकडे गेली, गोठा तिकडे गेला, तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या, कारण देव आपल्याकडे आलाय असं त्यांना वाटत होतं. थोरल्याकडे देव राहतो अशी रीत असताना तो धाकट्याला मिळाला, म्हणजे सासूबाईंच्या मनात आपल्याविषयी काही तरी चांगलं होतं, असंही त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. त्यांनी टाक रुमालात बांधला, डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावला आणि पाटाच्या कडेने थोरल्या घराकडे निघाल्या.

थोरले दीर सूर्यभान अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग त्या बाजेएवढंच झालं होतं. मोठी जाऊ कडूबाई उंबऱ्यात वांगी निवडत होती. दोन्ही घरांत बोलणं जेमतेम, तेव्हा काळा चष्मा लावून दुपारच्या उन्हात आलेली जाऊ बघून कडूबाईचा हात थांबला. चांगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दिरासमोर त्या कधी फार बोलल्या नव्हत्या, पण आज उभ्या उभ्याच विचारलं.

"भाऊजी, वाटनीत आमाला देव दिलाच न्हवता व्हय?"

सूर्यभानांनी शेंग खाली ठेवली. कोण म्हणतं, असं विचारलं. चांगुणाबाईंनी रुमाल सोडून टाक पुढे धरला. त्यांनी तो घेतला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग देवाच्या टाकावरून कुणी फिरवणार नाही तसा अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"आदिनाथ हाय ह्यो," ते म्हणाले.

चांगुणाबाईंना वाटलं, आता भांडावं. पण भांडण तोंडात येईना, कारण सूर्यभानांचा आवाज फसवणाऱ्याचा नव्हता. त्यांनी कडूबाईला आतून देव आणायला सांगितलं. तिने तांब्याच्या ताम्हनात टाक आणून बाजेवर ठेवला. हा घोडा जाड होता, झिजलेला होता, पण त्यावर खंडोबामागे म्हाळसा बसलेली दिसत होती आणि घोड्याच्या पायांपाशी शेपूट वर केलेलं कुत्रं होतं. चांगुणाबाई वाकून बघत राहिल्या. तळीच्या वेळी इतकी वर्षं त्या ज्याला डोळे मिटून आठवत होत्या, तो हा होता.

सूर्यभानांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. आईने रीतीप्रमाणे देव थोरल्याला दिला. बन्सीला म्हणाली, तू सोनाराकडून नवा टाक करून घे, मोठ्या देवाला भेटव आणि आपल्या घरी बसव. सगळे धाकटे तेच करतात. बन्सी म्हणाला, मला नवा देव नको, मला आदिनाथ द्या. आई रागावली. देवाशिवाय घर कसं ठेवशील, म्हणाली. त्यावर बन्सी जे बोलला ते सूर्यभानांना अजून शब्दाशब्दाने आठवत होतं.

"म्हन्ला, देवाला सारं गाव हाय. ह्याला कोन हाय?"

 कडूबाईने वांगी पुन्हा हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. चांगुणाबाईंनी विचारलं की मला का नाही सांगितलं. सूर्यभान म्हणाले की बन्सीनेच बजावलं होतं, तिला देव आलाय असंच वाटू द्या, तिला बरं वाटतंय. कडूबाई म्हणाली की तिला वाटलं होतं, नंतर केव्हा तरी नवरा-बायकोचं बोलणं झालं असेलच. एवढं काही लपून राहतं का घरात?

राहतं, हे चांगुणाबाई तिथे उभ्या राहून शिकत होत्या. राग कुणावर करावा ते त्यांना समजेना. दीर समोर होता तर तो निर्दोष होता, आणि ज्याच्यावर करायचा तो दीड वर्षापूर्वीच सुटला होता.

"मंग मी इतकी वरसं कुनाला हात जोडले?" त्यांनी विचारलं.

  सूर्यभान ताम्हनाकडे बोट करून म्हणाले, "घिऊन जा. उद्याच्या तळीला ठेव समोर. पायजे तर कायमचा ठेव. मी काय म्हननार न्हाई."

देव असा समोर ठेवलेला होता, हात लांबवायचा अवकाश. घेतला असता तर उद्याची तळी खऱ्या देवापुढे उचलली गेली असती आणि घर देवाचं झालं असतं. चांगुणाबाईंनी हात लांबवलाही. पण तो दुसऱ्या टाकाकडे गेला, सूर्यभानांच्या तळहातावरच्या. तो त्यांनी रुमालात बांधला, का बांधला ते त्यांना सांगता आलं नसतं, आणि मला काही कळत नाही भाऊजी, एवढंच म्हणून त्या निघाल्या.

पाटाच्या कडेने येताना सगळा हिशेब डोक्यात उलटासुलटा होऊ लागला. ज्ञानेश्वरची नोकरी पक्की व्हावी म्हणून त्यांनी त्या टाकापुढे पाच रविवार नारळ ठेवले होते. मोनिकाच्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर बसून त्याच्यापुढेच नाक घासलं होतं. म्हणजे बाळंतपण आदिनाथकडे मागितलं! ज्याला स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती, हरवली तर चार दिवस तसाच उघड्या छातीने हिंडायचा, त्याच्याकडे? आणि बाळंतपण तर नीट झालं होतं. नोकरीही लागली होती. मग ते कुणी केलं? आदिनाथने पोचवलं का कुणाला पुढे? की कुणीच काही केलं नव्हतं आणि व्हायचं ते झालं? बन्सींच्या वेळी छातीत दुखू लागलं तेव्हाही त्या याच्याच पायांशी पडल्या होत्या. तेवढं मात्र झालं नाही. देवाकडे मागितलं असतं तर झालं असतं का, या प्रश्नापाशी त्यांचे पाय थांबले. पाटात पाणी वाहत होतं, पलीकडच्या वाफ्यात कांद्याची रोपं लावणाऱ्या बाया त्यांना हाका मारून डोळ्यांची विचारपूस करत होत्या. दिसतंय का चांगलं, असं विचारत होत्या. चांगुणाबाई म्हणाल्या, लई दिसतंय.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आदिनाथ पाटी-दप्तराच्या वयाचा होता. सासूबाई शेतात, कडूबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी, तेव्हा त्याला खाऊपिऊ घालायचं काम नव्या नवरीकडे आलं होतं. चुलीपुढे बसून जेवायचा, पण त्याची एक खोड होती. चांगुणाबाई त्याच्याकडे बघायला लागल्या की घास तोंडापाशी थांबवून म्हणायचा, वैनी, तिकडं बघ. मग त्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत. मोठा झाला, ओठावर मिसरूड आलं, तरी ती खोड गेली नाही. घोडेगावच्या बाजारातून जनावरं घेऊन येताना टेम्पो उलटला त्या दिवशीही सकाळी तो असाच जेवून गेला होता आणि त्या दिवशीही चांगुणाबाईंनी भिंतीकडेच तोंड केलं होतं. त्याला शेवटचं नीट पाहिलं केव्हा, ते त्यांना कधीच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर आला, मोनिका आली. टाकाचं काय झालं असं त्याने आल्या आल्या विचारलं. बघू मागून, म्हणून चांगुणाबाईंनी विषय मोडला. सांगणार काय? घरात देव नाही असं सटीच्या दिवशी पोराला सांगायचं? आणि आहे म्हणावं तर तेही खोटं. डॉक्टरांनी धुरात जायचं नाही असं बजावलं होतं म्हणून मोनिकाने गॅसवर वांगी भाजली. बाजरीचे रोडगे झाले, कांद्याची पात चिरून झाली. भरतात मीठ घातलं, तेल घातलं, पात घातली. सुनेने मिरचीचं विचारलं तेव्हा चांगुणाबाई दुसऱ्याच विचारात होत्या, त्यांनी हात हलवून राहू दे म्हणून सांगितलं.

तळी उचलायला पाच पुरुष लागतात. ज्ञानेश्वर होता, शेजारचा बजरंग होता, त्याचे दोन भाऊ आले. पाचव्यासाठी बजरंग कुणाला तरी हाक मारायला जाणार तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. सूर्यभान आले होते. पाट ओलांडून, त्या गुडघ्यांनिशी. चुली वेगळ्या झाल्यापासून ते या घरी तळीला आले नव्हते. आमची सकाळीच उरकली, एवढंच ते म्हणाले आणि चपला काढून ताम्हनाशी येऊन उभे राहिले. चांगुणाबाईंनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. देव आणला नव्हता. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांचं त्यांनाच समजलं नाही.

ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडाऱ्याची रास होती. पाचजणांनी ते धरलं आणि सदानंदाचा येळकोट म्हणत वर उचललं, खाली नेलं, पुन्हा उचललं. सूर्यभान जोराने म्हणत होते, गुडघे थरथरत होते तरी. त्यांची नजर देव्हाऱ्यातल्या टाकावरून हलली नाही. भंडारा उधळला गेला, सगळं पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात घोडा पुन्हा कुणाचाही असू शकेल असा दिसू लागला. पण चांगुणाबाईंना आता दिसत होतं. त्यांना येळकोट म्हणता येईना आणि गप्पही राहवेना. ओठ नुसते हलत राहिले.

मोनिकाने नैवेद्याचं ताट आणून देव्हाऱ्यापुढे ठेवलं. चांगुणाबाईंनी पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि नाकाला भरताचा वास आला. नुसता भाजलेल्या वांग्याचा, पातीचा, बिनमिरचीचा वास. त्यांनी डोळे उघडले. बन्सी चुलीपाशी उभं राहून मिरची वाढव म्हणतोय, आणि पित्ताचा माणूस सटीच्या दिवशी हटकून पहिला घास त्या जाळासारख्या भरताचा घेतोय, हे त्यांच्यापुढे उभं राहिलं. आणि त्याच्याही मागे चुलीपुढे बसलेलं एक पोर. ताटातल्या भरतात आणखी ठेचा कालवून घेणारं, मग नाक वाहायला लागल्यावर शरमेने म्हणणारं, वैनी, तिकडं बघ.

देवाला लागतं, असं म्हणायचा बन्सी. इतक्या वेळा म्हणायचा आणि त्यांना एकदाही कळलं नव्हतं.

त्यांनी ताट उचललं. दाखवलेला नैवेद्य कुणी परत उचलत नाही. बजरंगच्या भावाने अडवायला पुढे केलेला हात घुटमळून मागे घेतला, ज्ञानेश्वर आई, आई करत मागे आला. तोवर त्यांनी तव्यावर मूठभर मिरच्या टाकल्या होत्या. घरभर ठसका उठला. मोनिका डोळ्यांचं सांगत राहिली, धुरात जाऊ नका म्हणत राहिली. चांगुणाबाईंच्या नव्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या मिठाबरोबर मिरच्या ठेचत होत्या. सगळा ठेचा त्यांनी भरतात कालवला, हाताने, अगदी खालपर्यंत.

"आई, देवाला एवढं तिखट?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"त्याला लागतं," चांगुणाबाई म्हणाल्या.

बाहेर सूर्यभानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यांना वास आला होता. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले आणि टोपीची घडी करत राहिले.

चांगुणाबाईंनी ताट पुन्हा देव्हाऱ्यापुढे ठेवलं, थोडं पुढे सरकवलं, पाण्याचा तांब्या जवळ केला. हात मात्र जोडले नाहीत. सगळे त्या हात जोडायची वाट बघत होते. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, आणि मग, कुणी देवापुढे बसत नाही तशा, देव्हाऱ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या.